आयबॅन चालत नाहीये किंवा पैसे परत येतायत? आधी काय तपासायचं, नंतर काय, आणि कुठे थांबायचं

मी पुण्यात फॉरेक्सच्या कामात आहे. समोर बसणारे बहुतेक जर्मनीला शिकायला गेलेल्या नाहीतर निघालेल्या पोरांचे आईवडील, मधूनमधून एखादा फ्रीलान्सर, आणि दर ॲडमिशनच्या सीझनला आयबॅनचा, म्हणजे युरोप-आखातातल्या बँक खात्यांच्या आंतरराष्ट्रीय नंबराचा, तोच घोळ. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. फुकटच्या तपासण्या आधी घेतल्यात, वेळ आणि पैसे खाणाऱ्या नंतर, त्यामुळे क्रम मोडू नका.

तुमचं दुखणं यातलं कुठलं?

पहिलं: नेटबँकिंगमध्ये बेनिफिशियरी ॲड करतानाच लाल अक्षरात 'इनव्हॅलिड आयबॅन' येतं. हे सगळ्यात बरं, पैसे अजून तुमच्याच खात्यात आहेत.

दुसरं: बेनिफिशियरी ॲड झाला, पैसे कापले गेले, आणि काही दिवसांनी परत आले, तेही कमी. जाताना युरो तुम्हाला महाग विकला, परत येताना स्वस्तात घेतला, वर मधल्या बँकांनी आपापला चार्ज कापला. चूक एका आकड्याची असते पण फटका असा दोन्हीकडून बसतो.

तिसरं: पोचले, पण कमी पोचले.

चौथं: ना पोचले ना परत आले. इकडची बँक म्हणते आमच्याकडून गेले, तिकडची म्हणते आमच्याकडे काहीच नाही.

पाचवं, उलटा प्रकार: तिकडची कंपनी तुमच्या इथल्या खात्याचा आयबॅन मागतेय आणि तुम्ही पासबुक चाळून थकलात.

पाचवंवाल्यांचं आधी उरकते

भारतात आयबॅन नाही. सरकारी बँकेत नाही, खाजगी बँकेत नाही, तुमच्या नागरी सहकारी बँकेत नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीन, जपान, सिंगापूर इथेही नाही, त्यामुळे यात लाजण्यासारखं काही नाही. युरोपातल्या एचआरच्या फॉर्मवर आयबॅनचा रकाना कंपल्सरी असतो म्हणून लोक त्यात आयएफएससी कोंबतात, किंवा कुठल्यातरी साइटवरून 'आयएन' ने सुरू होणारा आयबॅन बनवून आणतात. असा नंबर अस्तित्वातच नाही, तो देऊ नका. एचआरला सरळ मेल टाका की भारत आयबॅन वापरत नाही, आणि सोबत हे द्या: खाते नंबर, खात्यावरचं नाव जसंच्या तसं, बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारांत बँक ओळखायचा कोड), आयएफएससी, शाखेचा पत्ता. त्यांच्याकडे भारतासाठी वेगळा फॉर्म असतो, फक्त ते शोधायला कुणीतरी ढकलावं लागतं.

स्विफ्ट कोड प्रत्येक शाखेला नसतो, मोठ्या बँकांतसुद्धा ठराविक शाखांनाच असतो. म्हणून गूगलवर शोधण्यापेक्षा आपल्या शाखेत विचारा, की परदेशातून पैसे यायचेत, कुठला स्विफ्ट द्यायचा. सहकारी बँक असेल तर बरेचदा स्वतःचा स्विफ्ट नसतो, दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत पैसे येतात आणि त्या बँकेचा तपशीलही द्यावा लागतो. पतसंस्था तर बँकच नव्हे, तिथलं खातं देऊच नका.

दुबई-कुवेतहून कोकणात घरी पैसे येतात ते बहुतेक एक्स्चेंज हाऊसमधून, तिथे आयबॅनचा प्रश्नच नाही, आयएफएससी लागतो. तिथे अडलं तर आधी बघा की खातं जुन्या देना बँकेतलं वगैरे आहे का. देना आणि विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, कोड बदलले, आणि लोक अजून जुन्या चेकबुकावरचा कोड पाठवतात. शाखा तीच, टेबलं तीच, कोड मात्र वेगळा.

आता बाकीचे चार.

आयबॅन उलगडून बघा

नमुन्याला नेहमी दिला जातो तो एक जर्मन आयबॅन घेऊ: डीई८९ ३७०४ ००४४ ०५३२ ०१३० ००. (इथे आकडे मराठीत लिहिलेत, फॉर्ममध्ये इंग्रजीच टाका. हसू नका, फोनवर मराठी कीबोर्ड चालू राहून मराठी आकडे गेलेले आणि फॉर्म अडलेला पाहिलाय.) पहिली दोन अक्षरं देशाची. पुढचे ८९ हे तपासणीचे आकडे, त्यावर नंतर येते. पुढचे ८ आकडे, ३७०४००४४, हा बँकेचा कोड, इथे कॉमर्त्सबँक, कोलोन. शेवटचे १० आकडे खाते नंबर: ०५३२०१३०००. या खाते नंबराच्या पुढे शून्य आहे ते बघितलंत? पोरगं घाईघाईत नुसता खाते नंबर पाठवताना ते शून्य गाळतं, नाहीतर एक्सेल गाळतं, आणि अर्धे घोळ तिथेच होतात.

फुकटातली पहिली तपासणी: मोजा

अक्षरं मोजा, स्पेस सोडून. आयबॅन जास्तीत जास्त ३४ अक्षरांचा असू शकतो, पण प्रत्येक देशाची लांबी ठरलेली आहे आणि ती कमीजास्त होत नाही. जर्मनी २२, ब्रिटन २२, आयर्लंडही २२. नेदरलँड्स १८. फ्रान्स आणि इटली २७. स्पेन २४, ऑस्ट्रिया २०, स्वित्झर्लंड २१, पोलंड २८, बेल्जियम १६, नॉर्वे १५. यूएई २३, सौदी २४, कतार २९, कुवेत ३०. जर्मन नंबर २१ भरला तर पुढचं काही बघायची गरज नाही, एक आकडा पडलाय, बहुधा शून्यच.

मोजताना कागदावर चार-चारचे गट पाडा. आयबॅन छापताना तसाच छापतात, पण बऱ्याच बँकांच्या फॉर्मला मधल्या स्पेस चालत नाहीत, २२ ची मर्यादा असली की स्पेससकट पेस्ट केलेला नंबर शेवटी कापला जातो आणि तुम्हाला कळतही नाही. पीडीएफ किंवा व्हॉट्सॲपवरून कॉपी केलं की कधी न दिसणारी कॅरेक्टर्स सोबत येतात, कधी पुढचा 'आयबॅन' हा शब्दच येतो. म्हणून 'इनव्हॅलिड' आलं की आधी रकाना पूर्ण रिकामा करा आणि हाताने टाइप करा, कॅपिटलमध्ये. कितीतरी जणांचं काम इथेच संपतं.

मग अक्षरं आणि आकडे वेगळे करा

जर्मनीच्या आयबॅनमध्ये 'डीई' नंतर फक्त आकडे असतात. एकही अक्षर दिसलं तर ती चूक, शून्याच्या जागी ओ, एकच्या जागी आय किंवा एल, पाचच्या जागी एस, आठच्या जागी बी. नेदरलँड्स, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मात्र तपासणीच्या आकड्यांनंतर बँकेची चार अक्षरं असतातच, ती काढू नका. इटलीत तिथे एकच अक्षर असतं आणि लोकांना ते टायपो वाटतं. फ्रान्समध्ये खाते नंबरातसुद्धा अक्षर येऊ शकतं. म्हणजे कुठल्या देशाचा नंबर आहे ते न बघता 'सुधारायला' जाल तर बरोबर असलेला बिघडवाल.

फोटोवरून नंबर उतरवणाऱ्यांना हात जोडून विनंती, फोटो नको. मुलाला म्हणा बँकेच्या ॲपमधून खात्याच्या तपशिलाची पीडीएफ काढ आणि ती पाठव. त्यात नाव, आयबॅन आणि बीआयसी (म्हणजे स्विफ्ट कोडच) तिन्ही एकत्र असतात.

देश जुळतोय का?

मुलगा म्युनिकला आहे म्हणून तुम्ही फॉर्ममध्ये देश जर्मनी निवडता, आणि आयबॅन मात्र 'बीई' किंवा 'एलटी' ने सुरू होतो. आजकाल पोरं ॲपवाली खाती काढतात, वाइजच्या युरो खात्याचा आयबॅन बेल्जियमचा असतो, काही ॲपचा लिथुआनियाचा. मुलगा कुठे राहतो याला इथे अर्थ नाही, बँकेचा देश म्हणजे आयबॅनची पहिली दोन अक्षरं. रकान्यात तोच देश निवडा आणि बँकेचा पत्ताही त्याच देशातला द्या. मुलाचा पत्ता मात्र म्युनिकचाच ठेवा. या एका कारणाने अडलेले फॉर्म मी इतके बघितलेत की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आत पहिली दोन अक्षरं विचारते.

आणखी एक, अशा काही ॲपच्या खात्यांत युरोपातल्या युरोपात पैसे येतात पण बाहेरून स्विफ्टने आलेले घेत नाहीत, किंवा स्विफ्टसाठी वेगळा नंबर देतात. मुलाला ॲपमध्ये 'युरोपबाहेरून पैसे' अशा अर्थाचा पर्याय उघडून बघायला सांगा. हे विचारायला पाच मिनिटं लागतात, न विचारल्यास दुसरं लक्षण.

बीआयसी म्हणजे स्विफ्ट कोड

८ किंवा ११ अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, पाचवं-सहावं देशाचं, पुढची दोन ठिकाणाची, आणि असलीच तर शेवटची तीन शाखेची. शेवटी तीन एक्स असले काय नसले काय, अर्थ एकच, मुख्य कार्यालय. तुम्ही बघायचं ते पाचवं-सहावं अक्षर: आयबॅन 'डीई' असेल तर इथेही 'डीई' हवं. बीआयसी कुठल्यातरी यादीतून शोधून टाकू नका, बँका विलीन होतात आणि यादी जुनीच राहते. ज्या पीडीएफवर आयबॅन आहे त्याच पीडीएफवरचा बीआयसी घ्या.

दोन तपासणी आकडे: हे घरी, फोनच्या कॅल्क्युलेटरवर

ऑनलाइन चेकर आहेत, वापरा, पण आतमध्ये काय होतं ते एकदा बघून घ्या, कारण चेकरचं 'व्हॅलिड' म्हणजे नेमकं किती ते त्याशिवाय कळत नाही. बेल्जियमचा नमुना छोटा आहे तो घेते: बीई६८ ५३९० ०७५४ ७०३४.

पहिली चार कॅरेक्टर्स उचलून शेवटी न्या. अक्षरांचे आकडे करा, ए म्हणजे १०, बी ११, असं झेड ३५ पर्यंत. बी ११, ई १४. झालं ५३९००७५४७०३४१११४६८. याला ९७ ने भागून बाकी १ उरली पाहिजे. एवढा मोठा आकडा कॅल्क्युलेटर अचूक घेत नाही, म्हणून तुकडे पाडा. पहिले नऊ आकडे ५३९००७५४७, बाकी ८१. त्या ८१ ला पुढचे सात आकडे चिकटवा, ८१०३४१११४, बाकी १०. त्याला उरलेले दोन चिकटवा, १०६८, आणि ९७ गुणिले ११ म्हणजे १०६७, बाकी १. बरोबर.

आता शेवटचे ३४ चुकून ४३ लिहिले असं धरा आणि तेच करा, बाकी ५० येते. पकडला. एक आकडा चुकला तर ही पद्धत हमखास पकडते, शेजारचे दोन आकडे उलटे झाले तरी पकडते.

आणि इथेच सगळे फसतात. बाकी १ आली म्हणजे नंबर नीट टाइप झालाय, बस. ते खातं चालू आहे का, बंद केलंय का, तुमच्या मुलाचं आहे की भलत्याच कुणाचं, यातलं काहीही हे गणित सांगत नाही. चोराचा आयबॅनसुद्धा व्हॅलिड असतो. 'चेकरवर हिरवा टिक आला होता हो' हे वाक्य मी पैसे गेल्यानंतर ऐकते.

त्याच कारणासाठी, बँक कोड आणि खाते नंबर टाकून आयबॅन 'बनवून' देणाऱ्या साइटपासून लांब राहा. काही बँकांचे आपले खास नियम असतात, साइट गणितात बसणारा पण चुकीचा नंबर देऊ शकते. आयबॅन देणार ती खात्याची बँकच.

नाव आणि रेफरन्स

नाव पीडीएफवर आहे तसंच. जर्मन नावातली टिंबवाली अक्षरं स्विफ्टमध्ये चालत नाहीत, ü असेल तर यू-ई लिहितात, ö असेल तर ओ-ई. आपल्या नावांचा घोळ वेगळा: पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, तिकडच्या खात्यावर नुसतं नाव-आडनाव, लग्नानंतरचं आडनाव एकीकडे आणि माहेरचं दुसरीकडे. खात्यावर जे आहे ते.

युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पासून, पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का ते दाखवणं बंधनकारक झालंय. बातमी वाचून पालक निर्धास्त होतात. पण ती सोय तिथल्या तिथल्या युरो पेमेंटसाठी आहे, इथून स्विफ्टने पाठवताना तुमच्या स्क्रीनवर ती येत नाही. त्यामुळे नाव जुळवायचं काम तुमचंच.

युनिव्हर्सिटीची फी किंवा ब्लॉक्ड अकाउंट (जर्मन व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) असेल तर रेफरन्स नंबर आयबॅनइतकाच महत्त्वाचा. काही ठिकाणी सगळ्या विद्यार्थ्यांचे पैसे आधी एकाच खात्यात येतात आणि रेफरन्सवरूनच कुणाचे ते कळतं. चौथं लक्षण असलेल्यांनी हे आधी बघावं, पैसे बरेचदा तिथेच पडून असतात, फक्त कुणाचे ते त्यांना माहीत नसतं.

कमी पोचले त्यांच्यासाठी

हा आयबॅनचा दोषच नाही, पण तक्रार आयबॅनच्या नावानेच येते म्हणून. फॉर्मवर चार्जेसचा पर्याय असतो: अवर म्हणजे सगळे तुम्ही भरणार, शेअर म्हणजे इकडच्या बँकेचे तुम्ही आणि बाकीचे घेणारा, बेन म्हणजे सगळे घेणारा. न बघता सोडलं तर बहुधा शेअर राहतं आणि मधली बँक आपला वाटा कापून घेते. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटला सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो लागतात, महिना ९९२ चा हिशेब. तिथे ११,८८० पोचले तर पूर्ण धरत नाहीत, उरलेल्या २४ युरोंसाठी पुन्हा स्विफ्टचा चार्ज. 'अवर' निवडा आणि तरीही थोडे वरचढ पाठवा.

पैसे खर्चून करायची तपासणी

नवीन खातं आणि रक्कम मोठी असेल तर आधी थोडे पाठवून बघा. चार्ज पडेल, पडू दे. मुलाच्या स्टेटमेंटवर आलेले दिसले, की त्याच बेनिफिशियरीवर मोठी रक्कम टाका, नव्याने टाइप करू नका.

पैसे अडकलेच तर बँकेकडून स्विफ्ट कॉपी, म्हणजे तिकडे गेलेल्या संदेशाची प्रत, मागा, बरेच जण अजून एमटी १०३ म्हणतात, म्हणा, त्यांना कळतं. त्यात यूईटीआर नावाचा ३६ कॅरेक्टर्सचा ट्रॅकिंग नंबर असतो. तो मुलाने तिकडच्या बँकेत दाखवला की शोधणं सोपं जातं. 'ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल' च्या स्क्रीनशॉटचा तिथे काही उपयोग नाही. आणि त्याच कॉपीवर बेनिफिशियरीचा आयबॅन नेमका काय गेलाय तो एकेक आकडा बोट ठेवून जुळवा, फॉर्म कागदावर भरला असेल तर बँकेत टाइप करतानाही चूक होते.

इथे थांबा, पुढचं तुमचं काम नाही

व्हॅलिड पण चुकीच्या खात्यात पैसे गेले असतील तर त्या खातेदाराला स्वतः शोधत बसू नका आणि दुसऱ्यांदा पैसे तर मुळीच पाठवू नका. त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्या, यूईटीआर घालून, 'रिकॉल' (पैसे परत बोलावणं) मागा, पोच घ्या. पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले असतील तर बहुतेक वेळा त्याची संमती लागते, म्हणून दिवस वाया घालवू नका.

घरमालकाचा किंवा सप्लायरचा मेल आला की 'आमचा आयबॅन बदललाय, यापुढे इथे पाठवा', तर पाठवणं बंद. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून विचारा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. फ्लॅट बर्लिनचा, मालक म्हणतो मी सध्या परदेशात आहे, आयबॅन तिसऱ्याच देशाचा, आणि चावी कुरिअरने पाठवतो म्हणतोय: हे सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर फोन करा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

बँक म्हणाली की कम्प्लायन्समध्ये, म्हणजे नियमांच्या तपासणीत, अडकलंय, तर आयबॅन पुन्हा पुन्हा बदलून बघू नका, त्याने संशय वाढतो. काय कागद हवेत ते लेखी विचारा, बहुधा ॲडमिशन लेटर, फीची पावती, पैसे कुठून आले त्याचा पुरावा, आणि पर्पज कोड (पैसे कशासाठी पाठवताय त्याचा कोड). शिक्षणाची फी, हॉस्टेल यासाठी एस०३०५ असतो, भलताच टाकला असेल तर तिथेच गाडी अडते.

आणि बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. सोबत बँकेला दिलेल्या अर्जाची पोच आणि स्विफ्ट कॉपी जोडा. चौकशीसाठी १४४४८.